मोटारींच्या कारखान्यांतील घातक गाळ आणि शेतजमीन

खेड तालुक्यांतील आमच्या एका सभासदांनीं गेल्या महिन्यांत एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांच्या शेताच्या खालच्या अंगास एक जुनी दगडाची खाण आहे. ती बुजवून जमीन सपाट करून घ्यावी असें त्यांच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून आहे. परंतु मुरूम वाहून आणण्याचा खर्च झेपत नाहीं. अशांत एक ठेकेदार त्यांच्याकडे आला आणि "कारखान्याची माती फुकट आणून टाकतों, उलट खेपेमागें तुम्हांसच कांहीं रक्कम देतों," असें म्हणाला. नमुना म्हणून त्यानें जी माती दाखविली ती करड्या रंगाची, ओलसर व साबणाच्या वडीसारखी कापली जाणारी होती. तिच्यांत जस्त आणि स्फुरद आहे, तेव्हां खताचेंहि काम आपोआप होईल, असेंहि त्यानें सांगितलें. ही माती घ्यावी कीं घेऊं नये, असें सभासदांनीं विचारलें आहे.

उत्तर एका शब्दाचें आहे, व तें "घेऊं नये" हेंच. परंतु नुसतें उत्तर देऊन भागणार नाहीं. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगांव, रांजणगांव, तसेंच नाशिक व वाळूज या टापूंत मोटारींचे व त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने शेतांच्या बांधापर्यंत येऊन पोहोंचले आहेत. अशा ठिकाणच्या जमीनधारकास असे ठेकेदार पुन्हा भेटतील. तेव्हां ही माती कोठून येते, कायदा तिजविषयीं काय म्हणतो, आणि जमिनीच्या मालकावर त्यांतून कोणती जबाबदारी येऊन पडते, हें नीट समजून घेतलेलें बरें.

पत्रा कापून, दाबून व सांधून मोटारीचा सांगाडा तयार झाला म्हणजे तो रंगशाळेंत जातो. कारखान्यांतील घातक गाळाचा मोठा भाग येथेंच जन्म घेतो. प्रथम पत्र्यावरील तेल काढण्याकरितां सांगाडा क्षाराच्या हौदांत बुडवितात; मग धुतात; आणि नंतर जस्ताच्या फॉस्फेटच्या हौदांत बुडवितात. या हौदांत जस्ताबरोबर बहुधा निकेल व मँगनीज हीं द्रव्येंहि असतात. पत्र्यावर त्यामुळें स्फटिकांचा एक पातळ थर बसतो, व पुढचा रंग त्यास घट्ट धरून राहतो. परंतु हौदांतील आम्लानें पत्र्याचें थोडें लोखंड विरघळतें, तें स्फुरदाशीं मिळून खालीं बसतें, आणि हौदाच्या तळाशीं करडा गाळ सांचतो. पुढें सांगाड्यास विजेच्या साहाय्यानें पहिला लेप देतात व त्यावर रंगाचे फवारे मारतात. फवाऱ्यांतील सगळा रंग गाडीवर बसत नाहीं. जो बसत नाहीं तो वाहत्या पाण्याच्या पडद्यावर पकडतात, व त्या पाण्यांतून रंगाचा चिकट, उग्र वासाचा गाळ निघतो. फवाऱ्याचीं यंत्रें धुण्यास टोल्युइन, झायलीन यांसारखीं द्रावकें लागतात. तींहि शेवटीं टाकाऊ होतात. या सर्व हौदांचें धुवण कारखान्याच्या शुद्धीकरणयंत्रांत जातें. तेथें त्यांत चुना घालून विरघळलेले धातु खालीं बसवितात व गाळ दाबयंत्रांतून दाबून काढतात. आमच्या सभासदांस दाखविलेली "माती" वर्णनावरून बहुधा अशीच दाबून काढलेली वडी असावी.

रंगशाळेखेरीज यंत्रशाळेंतून जुनें वंगणतेल, धातु कापतांना वापरलेलें तेलमिश्रित पाणी व घासकामाचा तेलकट कीस निघतो. मुलामा देणाऱ्या शाळेंतून क्रोमियम, निकेल व कांहीं ठिकाणीं सायनाइड असलेले हौद रिकामे होतात. ओतशाळेंतील काळी वाळू मात्र निराळी गोष्ट आहे. ती प्रत्येक वेळीं घातक ठरतेच असें नाहीं. परंतु तींत कोणता चिकटा वापरला आहे हें तपासल्यावांचून तिजविषयींहि कांहीं सांगतां येत नाहीं.

आतां त्या जस्ताविषयीं व स्फुरदाविषयीं. ठेकेदार म्हणाला तें सर्वस्वीं खोटें नव्हतें, आणि भोळा शेतकरी फसतो तो यामुळेंच. गाळांत जस्त असतें, स्फुरदहि असतें. परंतु त्यांतील पुष्कळसें स्फुरद लोखंडाशीं असें जखडलेलें असतें कीं पिकाच्या मुळांस तें सहजासहजीं मिळत नाहीं. जस्ताची उणीव असलेल्या जमिनीस एकरीं आठ-दहा किलो जस्त सल्फेट पुरेसें होतें; टिप्पर भरून जस्त ओतण्याचें कारण कोणत्याहि पिकास पडत नाहीं. शिवाय जस्ताबरोबर निकेल येतें, आणि गाळ कोणकोणत्या हौदांचा आहे त्याप्रमाणें क्रोमियम व शिसेंहि येतें. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत शहरी कचऱ्याच्या कंपोस्टाकरितां ज्या मर्यादा घातल्या आहेत त्या पाहा: दर किलोमागें निकेल ५० मिलिग्रॅम, क्रोमियम ५० मिलिग्रॅम, शिसें १०० मिलिग्रॅम, जस्त १,००० मिलिग्रॅम, याहून अधिक असेल तर तें खत म्हणून विकतां येत नाहीं. फॉस्फेटच्या हौदांतील गाळांत जस्त हजारांतील भागांनीं नव्हे, शेंकडा भागांनीं मोजावें लागतें. त्यास खत म्हणणें ही शुद्ध लबाडी आहे.

आपल्याकडील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा एक गुण येथें सांगण्यासारखा आहे. अशा जमिनींत जस्त, निकेल व शिसें बरेचसें वरच्या थरांतच अडकून राहतें. तें खालीं लवकर जात नाहीं. पण नाहींसेंहि होत नाहीं, पिढ्यान् पिढ्या तेथेंच राहतें. षट्संयुजी क्रोमियमची गोष्ट याच्या उलट आहे. तें पाण्यांत विरघळतें आणि क्षारधर्मी जमीन त्यास धरून ठेवीत नाहीं. शेणखतानें व सेंद्रिय द्रव्यानें त्याचें कांहीं अंशीं कमी घातक रूपांत परिवर्तन होतें. परंतु खाणीच्या उघड्या कातळांत शेणखत कोठून असणार? आपला कातळ वरून अभेद्य दिसला तरी त्याच्या सांध्यांतूनच विहिरीस पाझर येतो हें प्रत्येक विहीर खोदणाऱ्यास ठाऊक आहे. खाणींत टाकलेल्या गाळांतून निथळलेलें पाणी त्याच सांध्यांनीं विहिरीकडे जातें. क्रोमियम फार असेल तर पाणी पिवळट दिसतें. पण पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा लिटरमागें ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि एवढ्या प्रमाणांत तें डोळ्यांस दिसत नाहीं, जिभेसहि कळत नाहीं.

पिकाचें पाणी व पिण्याचें पाणी यांच्या मर्यादा सारख्या नाहींत, हेंहि लक्षांत ठेवावें. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९८५ सालीं ओलिताच्या पाण्यास लिटरमागें निकेल ०.२० व क्रोमियम ०.१० मिलिग्रॅम ही शिफारस केली. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत निकेल ०.०२ मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. म्हणजे ज्या विहिरीवर ऊंस उत्तम डोलतो त्याच विहिरीचें पाणी घरांत पिण्यास दहा पटींनीं अयोग्य असूं शकतें. पीक चांगलें आहे म्हणून पाणी चांगलें आहे, असा तर्क येथें चालत नाहीं.

असा गाळ खाणींत टाकल्यानें काय होतें याचा प्रत्यक्ष दाखला अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील रिंगवुड या गांवीं पाहावयास मिळतो. तो थोडा विस्तारानें सांगतों, कारण त्याचें आपल्या सभासदांच्या खाणीशीं फार साम्य आहे. रिंगवुडच्या डोंगरांत लोखंडाच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी होत्या. जवळच माव्हा येथें फोर्ड कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना १९५५ पासून चालू होता. १९६७ ते १९७१ या काळांत त्या कारखान्यांतील रंगाचा गाळ व इतर कचरा ट्रकांनीं आणून या खाणींत, खळग्यांत व जंगलांत टाकण्यांत आला. त्या डोंगरांत रामापो लेनापे नांवाचे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या राहत होते. शिकार, मासे, रानांतील फळें व परसांतील भाजी यांवर त्यांचा निर्वाह होत असे. मुलें त्या रंगीत गाळाच्या ढिगांवर खेळत. गाळांत शिसें, आर्सेनिक, बेंझीन अशीं द्रव्यें होतीं.

त्या वेळीं असें करणें अडविणारा देशव्यापी कायदा तेथें नव्हता. १९७६ सालीं टाकाऊ द्रव्यांविषयींचा कायदा झाला, व १९८० सालीं जुनीं दूषित स्थळें साफ करविण्याचा "सुपरफंड" नांवाचा दुसरा कायदा झाला. रिंगवुड १९८३ सालीं या दुसऱ्या कायद्याच्या यादींत आलें. पुढील कांहीं वर्षांत सुमारें ७,००० घनयार्ड गाळ उचलून नेण्यांत आला आणि १९९४ सालीं स्थळ स्वच्छ झालें असें ठरवून त्याचें नांव यादींतून काढलें. परंतु गाळ संपला नव्हता. रहिवाशांस तो घरांजवळ, ओढ्याकांठीं व झाडांच्या मुळांशीं सांपडतच राहिला. त्यांनीं तक्रारी चालू ठेवल्या. तेव्हां पुन्हा खोदकाम झालें, आधींच्याहून कितीतरी अधिक गाळ निघाला, आणि २००६ सालीं रिंगवुडचें नांव त्या यादींत दुसऱ्यांदा घालण्यांत आलें. यादींतून काढलेलें स्थळ परत यादींत येणें ही तेथील पहिलीच गोष्ट होती. चार वर्षें टाकलेला गाळ चाळीस वर्षांनीं देखील निघतच होता. कारखाना मात्र १९८० सालींच बंद झाला होता.

तेलाचा दाखलाहि थोडक्यांत देतों. न्यू यॉर्क संस्थानांत मसीना येथें जनरल मोटर्स कंपनीची ॲल्युमिनियमचे भाग ओतण्याची शाळा १९५९ सालीं निघाली. तेथील दाबयंत्रांच्या तेलांत पीसीबी नांवाचें द्रव्य होतें. त्याचा गाळ आवारांतील खड्ड्यांत सांचला व सेंट लॉरेन्स नदींत उतरला. शेजारीं मोहॉक लोकांची वस्ती होती. त्यांस आपल्याच नदींतील मासे खाण्याविषयीं सावध करावें लागलें.

आपल्या देशांत या विषयाचा कायदा भोपाळच्या दुर्घटनेनंतर झाला. डिसेंबर १९८४ मध्यें भोपाळ घडलें; १९८६ सालीं पर्यावरण (संरक्षण) कायदा आला; आणि त्या कायद्याखालीं १९८९ सालीं घातक कचऱ्याचे पहिले नियम झाले. परंतु नियम झाले तरी गाळ नेऊन टाकावयाचा कोठें, याची सोय बहुतेक राज्यांत नव्हती. कारखान्यांच्या मागच्या अंगास पिंपें सांचत राहिलीं. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. प्राध्यापक मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें अहवाल दिला, व १४ ऑक्टोबर २००३ रोजीं न्यायालयानें सविस्तर आदेश दिले. त्यानंतर या कामास खरी गति आली. नियम २००८ सालीं नव्यानें लिहिले गेले, व पुन्हा ४ एप्रिल २०१६ रोजीं. हल्लीं २०१६ चे नियम, त्यांत नंतर झालेल्या दुरुस्त्यांसह, लागू आहेत.

या नियमांत घातक कचरा दोन प्रकारें ओळखतात. पहिला प्रकार यादीचा. कोणत्या उद्योगक्रियेंतून काय निघतें याची पहिल्या अनुसूचींत यादी आहे. धातूच्या पृष्ठभागावरील क्रियांत फॉस्फेटचा गाळ नांवानिशीं घातला आहे. रंगाचा गाळ व वापरलेलीं द्रावकें आहेत. वापरलेलें वंगणतेल आहे. सांडपाणी शुद्ध करतांना निघालेला रासायनिक गाळ आहे. इतकेंच नव्हे तर घातक रसायनांचीं रिकामीं पिंपेंहि आहेत. दुसरा प्रकार परीक्षेचा. कचरा ठराविक रीतीनें आम्लपाण्यांत घुसळून त्यांत किती विष उतरतें तें मोजतात. शिसें लिटरमागें ५ मिलिग्रॅमपर्यंत उतरलें कीं तो घातक समजतात.

यादीची रीत सोपी आहे, कारण तींत वाद घालण्यास जागा थोडी राहते. तिचा दोषहि आहे, व तो अमेरिकेंत मोटारींच्याच बाबतींत उघडकीस आला. ॲल्युमिनियमवर रासायनिक लेप देण्याच्या क्रियेंतील गाळ तेथें १९८० पासून घातक यादींत होता. कारण त्या वेळीं त्या कामांत षट्संयुजी क्रोमियम व सायनाइड वापरीत. पुढें गाडीचें वजन घटवून इंधन वांचविण्यासाठीं मोटारवाले सांगाड्याचे कांहीं भाग लोखंडाऐवजीं ॲल्युमिनियमचे करूं लागले. हौद तोच, जस्ताच्या फॉस्फेटचा. त्यांत क्रोमियम नाहीं, सायनाइड नाहीं. परंतु त्यांत एक ॲल्युमिनियमचें झांकण बुडालें कीं सगळा गाळ कायद्यानें घातक ठरूं लागला. कारखानदारांची तक्रार रास्त होती असें आम्हांस वाटतें. तेथील पर्यावरण खात्यानें २००७ च्या जानेवारींत सुधारणा सुचविली व ४ जून २००८ रोजीं ती पक्की केली. मोटारींच्या कारखान्यांतील अशा गाळास यादींतून सूट मिळाली. पण ती सूट कशी दिली हें पाहण्यासारखें आहे. गाळ वाटेंत उघड्या जमिनीवर टाकतां कामा नये. तो अस्तर घातलेल्या भरावखड्ड्यांतच गेला पाहिजे. आणि तो तेथेंच गेला याचे कागद तीन वर्षें जपून ठेवले पाहिजेत. गाळ कमी घातक आहे असें मान्य करूनहि त्यास उघड्या जमिनीवर जाऊं दिलें नाहीं. शेजारच्या खाणींत टाकण्याची मुभा तर कोणासच मिळाली नाहीं.

आतां आपल्याकडील व्यवस्था. कारखान्यास प्रथम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून परवानगी घ्यावी लागते. सर्वसाधारणपणें नव्वद दिवसांहून अधिक काळ घातक गाळ आवारांत सांठवितां येत नाहीं. तो बाहेर पाठवितांना प्रत्येक खेपेबरोबर मॅनिफेस्ट नांवाचें पाठवणीपत्रक लागतें. रेल्वेच्या बिलटीसारखेंच तें आहे, परंतु त्याच्या प्रती सात असतात आणि प्रत्येकीचा रंग निराळा. पांढरी प्रत पाठविणाऱ्याकडून मंडळाकडे जाते. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन पाठविणाऱ्याजवळ राहते. गुलाबी माल उतरवून घेणाऱ्याजवळ व नारिंगी वाहतूकदाराजवळ. हिरवी प्रत घेणारा मंडळाकडे धाडतो आणि निळी पाठविणाऱ्याकडे परत करतो. सातवी, करड्या रंगाची, माल दुसऱ्या राज्यांत गेला तरच कामास येते. अलीकडे हें काम संगणकावरहि होतें. मर्म असें कीं, पाठविलेलें वजन व पोंचलेलें वजन दोन निरनिराळ्या वाटांनीं मंडळाकडे जाऊन जुळलें पाहिजे. वाटेंत एक टिप्पर एखाद्या खाणीकडे वळला तर हिरवी व निळी प्रत येणार नाहीं. अर्थात् या प्रती कोणी जुळवून पाहील तरच हें उघडकीस येणार. आणि माणसें अपुरीं असलेल्या कचेरींत कागदावर कागद सांचतात, हा अनुभव आपणांस महसूल खात्याच्या कृपेनें नवा नाहीं. म्हणून रस्त्यावरील शेतकऱ्याचे डोळे उघडे असणें हेंहि या व्यवस्थेचें एक अंगच मानलें पाहिजे.

पुणें भागांतील असा गाळ घेण्यासाठीं शिरूर तालुक्यांत रांजणगांव येथें सामाईक केंद्र आहे. मुंबईकडे तळोजें येथें व विदर्भांत बुटीबोरी येथें अशींच केंद्रें आहेत. तेथील भरावखड्डा म्हणजे साधा खड्डा नव्हे. तळाशीं चिकणमातीचा थर दाबून बसवितात. त्यांतून पाणी सेकंदास एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक वेगानें झिरपतां कामा नये असा दंडक आहे. हिशेब केला तर तें वर्षास सुमारें तीन सेंटिमीटर होतें. त्यावर जाड प्लास्टिकचें अस्तर, व त्यावर निथळ गोळा करण्याच्या नळ्या. गाळ तसाच टाकीत नाहींत. चुना किंवा सिमेंट मिसळून त्यांतील धातु बांधतात आणि मग टाकतात. खड्डा भरून झांकल्यावरहि तीस वर्षें भोंवतालच्या पाण्यावर नजर ठेवावी लागते. आपल्या काळ्या जमिनीचा थर जाड आहे, तोच अस्तराचें काम करील, असें कोणी म्हणेल तर त्यास वैशाखांत शेतांत नेऊन भेगा दाखवाव्या.

जळण्याजोगा गाळ खड्ड्यांत न टाकतां भट्टींत जाळतात. रंगाच्या गाळांत उष्णता पुष्कळ असते, म्हणून सिमेंटच्या भट्टींतहि तो जळण म्हणून घालतात. तेथें उष्णता सुमारें १,४५० अंशांवर जाते. कांहीं गाळापासून हलक्या प्रतीचा रंगहि पुन्हा करतात. पण यांपैकीं प्रत्येक वाटेस खर्च आहे. कारखान्यास टनामागें द्यावा लागणारा हा पैसा वांचवून त्यांतील अल्पसा भाग शेतकऱ्याच्या हातावर ठेवणें, हाच त्या ठेकेदाराचा धंदा होय. फुकट मातीचें व खेपेमागच्या रकमेचें कोडें येथें सुटतें.

यापुढचा भाग जमीनधारकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. २०१६ च्या नियमांत "भोगवटादार" याची व्याख्या करतांना कारखान्यावर ताबा असलेला मनुष्य तर घेतला आहेच. परंतु घातक कचरा ज्याच्या ताब्यांत आहे तोहि त्यांत घातला आहे. अयोग्य हाताळणीमुळें पर्यावरणाची किंवा इतरांची जी हानि होईल ती भरून देण्याचें दायित्व भोगवटादारावर आहे. म्हणजे गाळ आपल्या खाणींत उतरवून घेतल्यावर ठेकेदार नाहींसा होईल, आणि शेजाऱ्याची विहीर बिघडली तर प्रथम सातबारावरील नांवाकडेंच बोट दाखविलें जाईल. कारखान्याची जबाबदारी त्यामुळें संपत नाहीं हें खरें; पण कारखाना कोणता हें सिद्ध करण्याचा भार मग आपल्या अंगावर येतो, आणि हातांत मॅनिफेस्टची एकहि प्रत नसते.

बिघडलेल्या विहिरींचा खर्च कोणी सोसावा, हें आपल्या न्यायालयानें स्पष्ट केलेलें आहे. राजस्थानांत उदेपूरजवळ बिछडी या गांवीं रसायनांच्या कारखान्यांतील गाळानें शेतकऱ्यांच्या विहिरी नासल्या होत्या. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्यानें दूषित केलें त्यानेंच भरपाई करावी व जमीन-पाणी पूर्ववत् करण्याचा खर्चहि द्यावा. कारखानदारांनीं मात्र अर्जावर अर्ज करून काळ काढला. २०११ सालीं न्यायालयास ३७ कोटींहून अधिक अशी ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम पुन्हा करावा लागला. निकाल शेतकऱ्यांच्या बाजूचा, पण मध्यें पंधरा वर्षें गेलीं.

शिक्षेविषयींहि सांगितलें पाहिजे. १९८६ च्या कायद्यांत नियम मोडणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलांत आली, ती काढून त्या जागीं दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. कैदेचे खटले वर्षानुवर्षें रेंगाळत व क्वचितच शिक्षेपर्यंत पोहोंचत, त्यापेक्षां झटपट दंड बरा, असें याचें समर्थन करण्यांत येतें. तें अगदीं निराधार नाहीं. परंतु मोठ्या कारखान्यास पंधरा लाख म्हणजे कांहींच नव्हेत. तेव्हां त्यास खरा धाक भरपाईच्या दायित्वाचाच राहील, असें आमचें मत आहे.

मोठ्या कारखान्यांचे कागद बहुधा व्यवस्थित असतात. अधिक काळजी आहे ती त्यांना माल पुरविणाऱ्या लहान शाळांची. मुलामा देणें, गंज काढणें, रंग देणें हीं कामें पत्र्याच्या शेडमध्यें चालतात, आणि तीं शेडें पुष्कळदां आपल्याच सभासदांनीं भाड्यानें दिलेलीं असतात. भाडेकरारापूर्वीं मंडळाचें संमतिपत्र व गाळाची परवानगी पाहावी. सामाईक केंद्राशीं करार आहे कीं नाहीं तें पाहावें. शेडच्या मागील अंगास शोषखड्डा घेण्यास साफ मनाई असल्याचें कलम करारांत घालावें. भाडेकरू निघून गेला तरी शोषखड्डा आपल्याच जमिनींत राहतो.

दुसरी गोष्ट पिंपांची. भंगारवाल्याकडे मिळणारीं निळीं व काळीं पिंपें पाणी सांठविण्यास, फवारणीचें द्रावण कालविण्यास आणि कित्येक घरीं धान्य ठेवण्यासहि वापरतात. कारखान्यांतील रसायनाचें पिंप धुतल्यानें स्वच्छ होत नाहीं. प्लास्टिक द्रावकें शोषून घेतें व हळूहळू परत सोडतें. पूर्वीं काय भरलें होतें हें लेबलावरून निश्चित कळत नसेल तर असें पिंप गोठ्यांतहि आणूं नये.

शेजारच्या रानांत किंवा ओढ्यांत गाळ पडलेला दिसला तर तो हातानें उचलूं नये, व त्यावर माती ओढून झांकूंहि नये. झांकल्यानें पुरावा मात्र नाहींसा होतो. गाडीचा क्रमांक, दिवस व वेळ टिपून ठेवावी, छायाचित्र घ्यावें, ग्रामपंचायतीस कळवून पंचनामा करवावा आणि मंडळाच्या विभागीय कचेरीस लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. विहिरीचा नमुना आपण स्वतः घेऊन प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. मोटार कांहीं वेळ चालवून ताजें पाणी स्वच्छ बाटलींत भरावें, व "जड धातु तपासा" असें स्पष्ट लिहावें, नाहीं तर केवळ क्षारांची साधी तपासणी होऊन कागद परत येतो. हा नमुना आपल्या माहितीपुरता. खटल्यास लागणारा नमुना कायद्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यानेंच विहित रीतीनें घ्यावा लागतो, म्हणून त्याची मागणी अर्जांतच करावी. एवढ्यानें दाद न लागली तर २०१० च्या कायद्यानें स्थापन झालेलें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, व त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यासच आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो. इतर तक्रारींस मुदत सहा महिन्यांचीच आहे. सुगी आटोपल्यावर पाहूं असें म्हणणाऱ्याचा दुसरा अर्ज मुदतीबाहेर जाण्याचा फार संभव असतो.

आमच्या खेडच्या सभासदांस शेवटीं इतकेंच कळवितों. ठेकेदारास नकार लेखी द्यावा व त्याची नक्कल जवळ ठेवावी. रात्रींच्या वेळीं खेपा येऊन पडूं नयेत म्हणून खाणीकडे जाणारी गाडीवाट चर खणून बंद करावी. ती उघडी राहिल्यास नकाराचा उपयोग होणार नाहीं. खाण बुजविण्याचीच आवश्यकता आहे काय याचाहि पुन्हा विचार करावा. कातळ घट्ट असेल व आंत पूर्वीं कांहीं टाकलेलें नसेल तर तींत पावसाचें पाणी सांठवून खालच्या दोन एकरांस एक-दोन पाळ्या देतां येतील. मुरूम विकत घेऊन सपाट केलेल्या तेवढ्याच जागेपेक्षां त्याचें उत्पन्न अधिक होईल. मात्र त्यांच्या पत्रांत, खाणीच्या एका कोपऱ्यांत दोन वर्षांपूर्वींची काळी वाळू पडलेली आहे, असा उल्लेख आहे. ती कोणाची व कोठून आली हें त्यांनीं लिहिलेलें नाहीं. त्या वाळूचा व खाणींत हल्लीं असलेल्या पाण्याचा, असे दोन्ही नमुने त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं तपासून घ्यावे, व तोंपर्यंत तें पाणी जनावरांस पाजूं नये.